पाकीट दिलं, पण पुढचे तीन महिने कोणाचे?

गर्भनिरोधक गोळी सुरू केली, चार-पाच दिवसांत मळमळायला लागलं, छाती जड झाली आणि दुसऱ्या आठवड्यात नको त्या वेळी डाग दिसला, की कोकणातल्या बाईला साधारण दोनच सल्ले मिळतात. घरात सासू किंवा जाऊ म्हणते, “उष्ण पडता ती, सोडून दे.” दवाखान्यात ऐकायला मिळतं, “सुरुवातीला होतंच, सोसा जरा.” पहिला सल्ला ऐकणारी गोळी अर्ध्यावर सोडते आणि काहींना त्याच महिन्यात दिवस राहतात. दुसरा ऐकणारी कधी कधी असा त्रास अंगावर काढते, जो एक दिवसही काढू नये. गोळीचा त्रास तपासायचा असतो, लिहून ठेवायचा असतो आणि गरज पडली तर गोळी किंवा साधन बदलून संपवायचा असतो. हे काम पाकीट देणाऱ्या यंत्रणेचं आहे. ते एकट्या बाईच्या सहनशक्तीवर टाकणं अन्यायाचं आहे.

बाईच्या तक्रारीकडे कानाडोळा करण्याची ही सवय गोळीइतकीच जुनी आहे. १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. गोळी घेणाऱ्यांपैकी १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात आणि इतका त्रास सर्वांना चालण्यासारखा नाही, असं तिथलं काम बघणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं होतं. गोळी विकसित करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ते मनाचे खेळ ठरवले. त्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा एक प्रकार, होता. आजच्या गोळीतलं इस्ट्रोजेन ताकदीने त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. मात्रा उतरली त्यात बायकांनी तक्रार करत राहण्याचाही वाटा होता. तेव्हा तक्रार करणारी बाई नाजूक किंवा अडाणी आहे, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

आपल्याकडे सरकारी केंद्रात फुकट मिळते ती ‘माला-एन’ आणि दुकानात स्वस्तात मिळते ती ‘माला-डी’, दोन्हींतलं औषध एकच. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या, प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायोल, म्हणजे यातलं इस्ट्रोजेन. उरलेल्या ७ लोहाच्या, त्यांत संप्रेरक नाही. त्या सात दिवसांत पाळी येते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर संरक्षण लगेच मिळतं. एरवी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून कधीही सुरू करता येते, फक्त पहिले सात दिवस सोबत निरोध लागतो.

आता त्रासांकडे येऊ. मळमळ प्रामुख्याने इस्ट्रोजेनमुळे होते आणि बहुतेकींची दोन-तीन पाकिटांत ओसरते. पण आपल्याकडे गोळी घेतली कशी जाते हेही बघायला हवं. पहाटे उठून उपाशी पोटी मिश्री, त्यावर कोरा चहा आणि त्यावर गोळी, असा क्रम असेल तर मळमळणारच, कारण तंबाखूतलं निकोटिन स्वतःच मळमळवतं. गोळी रात्री जेवण झाल्यावर, झोपण्याआधी घ्यावी. मासळीच्या लिलावासाठी पहाटे तीनला बंदरावर जाणाऱ्या बाईलाही हीच वेळ पाळता येते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेली नाही असं धरून दुसरी घ्यायची. ही जादा गोळी दुसऱ्या पाकिटातून काढावी, म्हणजे चालू पाकिटाचा हिशेब चुकत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी निदान दोन पाकिटं द्यायला हवीत, हे साधं गणित अनेक ठिकाणी पाळलं जात नाही. एकच पाकीट हातावर ठेवलं जातं.

मधेच डाग लागणं ही सगळ्यांत घाबरवणारी तक्रार. गर्भाशयाचं अस्तर नव्या संप्रेरकांशी जुळवून घेत असतं तेव्हा पहिले तीन महिने असं होतं आणि ते धोक्याचं नसतं. मात्र सर्वांत जास्त वेळा मूळ कारण असतं गोळी चुकणं किंवा वेळ रोज इकडेतिकडे होणं. डाग दिसला म्हणून पाकीट अर्ध्यावर सोडलं तर रक्तस्राव थांबत नाही, उलट पूर्ण पाळीसारखा सुरू होतो आणि संरक्षण जातं. गोळी चालू ठेवायची, तारखेवर खूण करायची. तिसरं पाकीट संपलं तरी डाग चालूच असेल, तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजायच्या, सोबतची औषधं विचारायची, गर्भाची तपासणी करायची आणि डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड एकदा बघायचं. संबंधानंतर दर वेळी रक्त जात असेल तर ते गोळीच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये, तीन महिने थांबूही नये.

डोकं दुखत असेल तर पहिला प्रश्न हा की कोणत्या आठवड्यात? फक्त लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत दुखत असेल तर ते संप्रेरक अचानक थांबल्यामुळे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सोडून सलग पुढचं पाकीट सुरू केलं तर हा त्रास टळतो. पण डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चकचकत्या रेघा येत असतील, अर्धं दिसेनासं होत असेल, हातातोंडाला मुंग्या येत असतील, तर ती वेगळी अर्धशिशी आहे. अशा बाईने इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊच नये, कारण मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. इथे ‘सोसा जरा’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

वांगाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं, पण किनारपट्टीवर त्याचा विचार हवाच. इस्ट्रोजेन आणि ऊन एकत्र आलं की गालांवर, कपाळावर तपकिरी चट्टे गडद होतात. वाळूवर बोंबील-सुकट वाळत घालणारी, काजूच्या बागेत एप्रिलभर उन्हात असणारी बाई यात आधी सापडते. गोळी थांबवली तरी हे चट्टे लवकर जात नाहीत. गरोदरपणात वांग आलेलं असेल तर सुरुवातीलाच इस्ट्रोजेन नसलेलं साधन निवडणं शहाणपणाचं.

वजनाची भीती मात्र बरीचशी वाढवून सांगितलेली आहे. दोन्ही संप्रेरकं असलेल्या गोळ्यांमुळे वजन ठळकपणे वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तीन महिन्यांच्या ‘अंतरा’ इंजेक्शनने काहींचं वाढतं. गोळ्या पोटात साठून गाठ होते, पुढे मूल होत नाही, हेही खोटं. गोळी बंद केली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. इंजेक्शननंतर मात्र काही महिने उशीर लागू शकतो, आणि दोन्हींच्या अनुभवांची सरमिसळ होऊन गोळीचं नाव खराब होतं. मन उदास होणं, रडू येणं, कशातच रस न वाटणं या गोष्टी बाई सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. त्यासाठी तीन महिने वाट पाहायची नसते. त्या दिवसांत तिच्याशी बोलायला हवं आणि गोळी थांबवून दुसरं साधन द्यायला हवं.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत कळ, दम लागणं, अचानक दिसेनासं होणं, आजवर कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं, पोटात जोरात कळा, कावीळ. यातलं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शिरेत रक्ताची गुठळी होणं हा खरा धोका आहे, पण त्याचं माप माहीत असावं. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, तर ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या महागड्या गोळ्यांत ९ ते १२. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहून वाढतो. महाग गोळी म्हणजे जास्त सुरक्षित गोळी, हा समज इथे उलटा पडतो. सरकारी पाकिटातलं औषध या बाबतीत चांगल्यांपैकी आहे, याचा अभिमानाने उच्चार व्हायला हवा.

इथेच कोकणाचा खास प्रश्न येतो, ज्याचा विचार राज्यभरासाठी छापलेल्या पत्रकांत कुठेच नसतो. नवरा मुंबईला. तो शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, गणपतीला येतो. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी घरी असतात. बाई हिशेब करते की तो येईल तेव्हा गोळी सुरू करू, गेला की बंद. यात तीन गोष्टी एकदम बिघडतात. तो आला त्या दिवशी सुरू केलेली गोळी, पाळीचे पहिले दिवस नसतील तर, सात दिवस भरवशाची नसते आणि चाकरमान्याची रजाच बहुधा तेवढी. दुसरं, शरीर जुळवून घेण्याचे जे त्रासाचे महिने असतात, तेच दर वेळी नव्याने सुरू होतात. मळमळ संपण्याचा काळ तिच्या वाट्याला कधी येतच नाही आणि तिची खात्री होते, ‘माका गोळी सोसत नाय.’ तिसरं, आणि सर्वांत गंभीर, गुठळीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो आणि चार आठवडे किंवा जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केलं की तो पुन्हा वर जातो. सुरू-बंद करणारी बाई कायम धोक्याच्या त्याच टप्प्यात राहते.

म्हणून गोळी देताना नवरा कुठे असतो, हा प्रश्न संकोच न करता विचारला पाहिजे. वर्षातून दोन-तीनदा पंधरा दिवस येणार असेल तर रोजची गोळी तिच्यासाठी योग्य साधन असेलच असं नाही. तांबी, म्हणजे कॉपर-टी, एकदा बसवली की प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षं चालते आणि तिला कॅलेंडर लागत नाही. पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हे आधी सांगावं आणि हिमोग्लोबिन बघावं. किंवा मग निरोध, आणि ती जबाबदारी येणाऱ्याने आपल्या बॅगेतून आणावी. गोळीच हवी असेल तर ती वर्षभर सलग घ्यावी, निदान तो यायच्या एक पाकीट आधी सुरू करावी आणि मग सोडू नये. देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के शस्त्रक्रियेवर आहेत आणि गोळीवर ५.१ टक्के, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. तात्पुरती साधनं जमत नाहीत म्हणून कमी वयात ऑपरेशनकडे ढकललेल्या बायका या आकड्यात किती असतील, याचा विचार अस्वस्थ करतो. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं. शंभर वर्षं उलटली तरी बाईला निवड म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा एक पाकीट आणि एक ऑपरेशन एवढंच.

गणपतीतला दुसरा घोळ गोळ्यांच्या सरमिसळीचा. घरात गौरी-गणपती असतात, पाळी आड येऊ नये म्हणून दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या जातात. पाळी पुढे ढकलण्यासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या या गोळ्या गर्भ राहण्यापासून भरवशाचं संरक्षण देत नाहीत. ‘७२ तासांची’ गोळी, म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, तिसरीच. ती अडचणीच्या वेळेसाठी असते. तिच्यानंतर पाळी मागेपुढे होते. या तिन्हींचे त्रास एकमेकींच्या नावावर जमा होतात. जी बाई आधीच माला-एनवर आहे तिला पाळी पुढे ढकलायला वेगळं काहीच घ्यावं लागत नाही. पांढऱ्या २१ संपल्या की लोहाच्या सात बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटाची पांढरी गोळी सुरू करायची, पाळी पुढे जाते. ही माहिती श्रावणाआधी वाडीवाडीत पोचली तर दुकानातल्या कितीतरी पट्ट्या वाचतील.

चुकलेल्या गोळीचा नियम पाकिटाच्या आत बारीक अक्षरात असतो, तो मोठ्याने सांगितला पाहिजे. एक पांढरी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर त्यांतली शेवटची घ्या, बाकीच्या सोडा, रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या सोडून थेट नवीन पाकीट. पहिल्या आठवड्यात झालं आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर आपत्कालीन गोळीबद्दल लगेच विचारा. लोहाची चुकली तर काही बिघडत नाही.

पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन वाटलं जातं. त्याने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही, घाबरून कुठलीच सोडू नये. पण डॉक्सिसायक्लिन उपाशी पोटी घेतलं तर तेही मळमळवतं, म्हणून ते जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिटसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या मात्र गर्भनिरोधक गोळीला निकामी करतात. तिथे तांबी किंवा अंतरा.

आणि आता बदल. कोणत्या तक्रारीला काय बदलायचं, याला नियम आहे. तीन पाकिटांनंतरही मळमळ आणि छाती दुखणं राहिलं तर २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची गोळी, मात्र तिने डाग लागण्याची शक्यता थोडी वाढते. चेहरा तेलकट, मुरुम वाढले तर लेव्होनॉरजेस्ट्रेलऐवजी त्याच जातीचं दुसरं संप्रेरक (प्रोजेस्टोजेन) असलेली, वर सांगितलेला गुठळीचा फरक लक्षात घेऊन. बदलताना मधे पाळीची वाट पाहायची नाही, जुनीच्या दुसऱ्या दिवशी नवी. इस्ट्रोजेनच नको असेल तर सरकारी केंद्रात ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेलं हे औषध, ३० मिलिग्रॅम सेंटक्रोमन, २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ रविवार-बुधवार, नंतर फक्त रविवारी. मळमळ, वांग, डोकेदुखी यांचा प्रश्न नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. त्रास एकच, सुरुवातीला काहींची पाळी लांबते. पंधरा दिवसांवर लांबली तर गर्भाची तपासणी करायची. पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ, क्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर छाया नको.

हे सगळं उपकेंद्रावर शक्य आहे का? यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची वस्तू रक्तदाबाचं यंत्र, आणि ते तिथे असतं. १४०/९० किंवा वर असेल तर इस्ट्रोजेनची गोळी देऊ नये. मग वय आणि धूम्रपान, रेघांची अर्धशिशी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का, गुठळी, कावीळ किंवा स्तनाचा कर्करोग, आणि चालू औषधं, एवढे प्रश्न. पाच मिनिटांचं काम. २०११ पासून आशाताईंनी साधनं घरपोच द्यायची योजना आली, ती उत्तम होती, पण तिने पोचवणं मोजलं. तिसऱ्या महिन्यात ती बाई गोळी घेतेय का आणि कशी आहे, हे कोणी मोजलं नाही. आशाताईवर आधीच कामाचा डोंगर आहे, ही हरकत खरी आहे. म्हणूनच हे काम फुकटात तिच्या माथी मारू नये. पहिल्या आणि तिसऱ्या पाकिटानंतरच्या भेटीला मोबदला असावा आणि ग्राम आरोग्य पोषण दिनाला रक्तदाब पुन्हा बघावा. दुसरी हरकत अशी की त्रास आधी सांगितले तर बायका गोळीच घेणार नाहीत. अनुभव उलटा आहे. इंजेक्शनच्या बाबतीत पाळी बिघडेल हे आधी सांगितलेल्या बायका जास्त काळ टिकल्या, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. डाग लागू शकतो हे जिला माहीत असतं ती डाग लागल्यावर घाबरत नाही.

तिसऱ्या भेटीत तिने ‘नको मला’ म्हटलं, तर समजूत घालत बसू नये आणि वहीत ‘गोळी बंद’ एवढं लिहून मोकळंही होऊ नये. गोळी थांबली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. त्यामुळे तिला तांबी किंवा छायेसाठी पुढची तारीख मिळावी आणि तोवर पुरतील एवढी निरोधची पाकिटं तिने उपकेंद्राची पायरी उतरण्याआधी तिच्या पिशवीत पडावीत.